पालथं मडकं आणि पांढरी टोपी

माझ्या आईच्या लांब रोट्या करण्याच्या कामाला चाळीस वर्षं कुणी कला म्हटलं नाही. म्हणायचे, बाईच्या जातीला एवढं तर आलंच पाहिजे. वरून बोलणी वेगळीच. लांब रोटीची कणीक सैल, ओढली की ताणणारी. ती दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अंथरायची. हातात बांगड्या असल्या की रोटी फाटते, म्हणून आई बांगड्या उतरवून बसायची. तर माझी आत्या भर लग्नघरात चारचौघींसमोर विचारायची, "नवरा जित्ता हाय ना वं तुया? मंग हात काहून बोडके?"

गेल्या वर्षी रामदासपेठेतल्या एका हॉटेलनं आईला बोलावलं. आत नव्हे, थेट गिऱ्हाइकांसमोर मडकं मांडून. लोक मोबाइलवर शूटिंग करायचे, कॉलेजच्या पोरी सेल्फी घ्यायच्या. साठी ओलांडलेली माझी आई पहिल्यांदाच पावडर लावून कामाला जाऊ लागली. मला वाटलं, चला, जमाना बदलला.

बदलला तो असा. मॅनेजरनं एक शेफ आणला, पस्तिशीचा गडी. "मावशी, याले शिकवा, तुमच्या हाताले आराम होईन," म्हणाला. आईनं हातचं काही न राखता शिकवलं. महिन्याभरानं भिंतीवर त्या शेफचा भला मोठा फोटो लागला, डोक्यावर उंच पांढरी टोपी, खाली 'मटका रोटी स्पेशालिस्ट'. आणि आईला निरोप मिळाला, "मावशी, आता तुम्ही आतमधी कणीक पाहा. समोर शेफच चांगला दिसते." म्हणजे घरात धुरात डोळे जाळले तोवर हे काम बायकी, आणि लोक टाळ्या वाजवू लागले की पुरुषाचं! कुणाला लाजसुद्धा वाटली नाही.

"राहीन त समोरच राहीन," आईनं मॅनेजरला सांगितलं. तो हसला. ती बांगड्या चढवून घरी आली ती पुन्हा गेली नाही.

हे कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चपला घालून हॉटेलात जायला निघालोच. तोंडाचा पट्टा चालू होता. सगळ्यात जास्त शिव्या त्या टोपीवाल्याला, बाईचं काम चोरणाऱ्या भामट्याला. आई तांदूळ निवडत होती.

"त्याले काहून शिव्या देऊन राहिला गा?" ती म्हणाली. "मॅनेजरले दे. त्याले मी बी देऊन आली. पन त्या पोट्ट्यानं माया बाजूले बसून महिनाभर हात भाजून घेतले. तुले म्या दहा खेपा म्हटलं, बस, शिकून घे. तवा तू काय म्हने? मी का बाई हाय?"

म्हणालो होतो. तिनंच वाढलेली रोटी खाता खाता म्हणालो होतो.