दिवाळीपर्यंत थांबा

लेखात ‘कदाचित’ असं लिहिलं होतं आणि मी ते वाचताना गाळलं. पुढे जे झालं त्यात इतरांनीही आपापला वाटा उचलला, पण सुरुवात माझी, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे नंतर दुसऱ्यांना नावं ठेवायला मी मोकळा.

नव्वदच्या दशकातली, आम्ही अकरावीत होतो तेव्हाची गोष्ट. राहुरीत एस. टी. स्टँडच्या मागं एक पिठाची गिरणी होती आणि गिरणीला लागून एका खोलीत व्हिडिओ गेमची दोन मशीनं. एकावर विमानं पाडायची. त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नसे. दुसऱ्यावर जपानी मारामारी. गिरणी सुरू झाली की खोलीची फरशी थरथरायची आणि पडद्यावर, बटणांवर, आमच्या केसांवर पीठ बसायचं. घरी गेलो की आई विचारायची, “कुणाचं दळण आणायला गेला होतास रे?”

खोलीचे मालक एकेकाळचे पैलवान. कान मोडलेले, मान जवळजवळ नाहीच. गुडघा गेल्यावर कुस्ती सुटली आणि ते ही मशीनं मांडून बसले. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांना जपानी येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, पण मारामारी कळत होती. त्यामुळं खोलीला तालमीचे नियम. खेळायला उभं राहण्याआधी मशीनच्या फळीला हात लावून तो कपाळाला लावायचा. समोरच्याशी हात मिळवायचा. हरलेल्याला हसायचं नाही. गेममधल्या डावांची नावंही त्यांनीच ठेवलेली. हातात पंखा असलेला एक म्हातारा समोरच्याला उचलून आपटायचा, ती धोबीपछाड. लाल शेला बांधलेली एक बाई हवेत गिरकी घेऊन लाथ घालायची, ती कलाजंग. खऱ्या कलाजंगेशी तिचा काही संबंध नव्हता. पण वस्ताद म्हणाले, म्हणजे कलाजंगच.

अडचण एकच. मशीन एक आणि पोरं तीस. नंबर लावायचा म्हणजे दाराबाहेर चपला ओळीनं मांडायच्या. आपली चप्पल सरकत सरकत उंबऱ्याला लागेपर्यंत तासभर जायचा आणि त्या तासाभराच्या बदल्यात मी दोन मिनिटांत मार खाऊन बाहेर यायचो. मी फार वाईट खेळायचो. माझं मत असं होतं की मला सराव मिळत नाही.

आमच्या घरी टीव्हीला जोडायचं एक छोटं गेमचं मशीन होतं. सुप्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या मामानं ते आणलेलं. त्यात कॅसेट घालायची, हातातल्या चपट्या डबीवर दोन बटणं, बस. त्यावर उड्या मारणं आणि बेडूक पळवणं असले बालिश खेळ. माझ्या मनात एकच होतं. ती वस्तादांकडची मारामारी या डबीत यावी. चपला नकोत, नंबर नको, हरलो तर बघायला कुणी नको. तो गेम घरी यायला हवा होता. त्या वर्षी दुसरी कसलीही इच्छा मला नव्हती.

आणि मग उन्हाळ्यात मामानं चार पानं आणली. कारखान्यात परदेशी मशीनचे सुटे भाग खोक्यात भरून येत. भाग हलू नयेत म्हणून मध्ये चुरगाळलेले कागद कोंबलेले असत. त्यातला एक चुरगाळा मामानं उलगडला तर आत रंगीत चित्रं. “भाच्या, हे तुझंच दिसतंय,” म्हणून त्यानं तो मला दिला. तेलाचा डाग पडलेली, शेवट नसलेली चार इंग्रजी पानं. जपानमधल्या मारामारीच्या गेमपैकी कोणकोणते घरच्या मशीनवर येतील याचा त्यात अंदाज होता. आमचा गेम तिसऱ्या पानावर. पंखेवाला म्हातारा चक्क छापलेला.

मी ती पानं कालव्याच्या पुलावर चौघा मित्रांना वाचून दाखवली. इंग्रजी मला बरं यायचं, म्हणजे त्या चौघांपेक्षा बरं. लेखात लिहिलं होतं की बनवणाऱ्यांनी अजून काहीच जाहीर केलेलं नाही, चित्रं इतकी आहेत की ती कॅसेटमध्ये मावणं अवघड आहे, आला तर बरीच काटछाट करून आणि कदाचित वर्षाच्या अखेरीस येईल. हे मला समजलं नाही असं नाही. नीट समजलं. पण चौघं माझ्या तोंडाकडं बघत होती. अशा वेळी माणसानं ‘कदाचित’ म्हणावं तरी कसं?

मी म्हणालो, “येणार. दिवाळीला.”

दिवाळी मी पदरची घातली.

मग मी भाषणच केलं. दिवाळीला जर अख्खा गेम माझ्या घरी येणार, तर आत्ता तिथं तासतास चपला मांडून उभं राहणं हा मूर्खपणा नाही का? आमच्या ओसरीवर या, पोटभर खेळा. तोपर्यंत वस्तादांच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. पाचही जणांनी कालव्याच्या पाण्यात हात बुडवून शपथ घेतली. सगळ्यात आधी हात घातला तो माझ्या जिवलग दोस्तानं. तो कालव्याकडेच्या वस्तीवर राहायचा, घरी ऊस होता. पहिलीपासून एका बाकावर बसलेलो आम्ही. त्यानं ती पानं मागितली. “चित्रं बघतो आणि परवा आणून देतो,” म्हणाला. परवा खरंच आणून दिली, तीही इस्त्री करून. मला भरून आलं.

बातमी गावभर पसरली. आठ दिवसांत मी येताजाता ‘दिवाळीपर्यंत थांबा’ असा सल्ला देणारा मोठा माणूस झालो. मोठी मुलंसुद्धा मला थांबवून विचारत, “नक्की का?” मी डोळे मिटून मान हलवायचो. वस्तादांच्या दारातल्या चपला कमी होत गेल्या. मी मुद्दाम सायकलवरून तिकडून जायचो. कधी चार जोड, कधी दोन. पावसाळा संपता संपता बहुतेक वेळा एकच जोड दिसायचा. कोण हा करंटा, असं मनात यायचं, पण उतरून निरखून बघितलं नाही. मोठी माणसं असल्या गोष्टी बघत नाहीत.

दोस्त मात्र त्या दिवसांत फार कामात असायचा. संध्याकाळी पुलावर येत नसे. विचारलं की म्हणायचा, “लाइट आली की दारं धरायला जावं लागतं रे. दादा एकटे पडतात.” उसाच्या सरीत पाणी वळवत उभं राहणं म्हणजे काय कष्ट, हे आम्हा बैठ्या लोकांना ऐकून माहीत. त्याच्या डाव्या तळव्यावर मोठा फोड आला, मग तिथं घट्टा पडला. माझ्या आईनं तो बघितला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “खोऱ्यानं आलाय काकू,” तो खाली बघत म्हणाला. आईनं तेल-हळद गरम करून आपल्या हातानं लावली, वर त्याला शिरा खायला घातला आणि मला म्हणाली, “बघ. नाहीतर तू.” मीही बघितलं. मला माझ्या मऊ हातांची लाज वाटली.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मामा कॅसेट घेऊन आला. पुण्याला कुठंतरी मिळाली होती. कव्हरावर तोच म्हातारा, तोच पंखा, तीच लाल शेलेवाली. मी ती कॅसेट देवापुढं ठेवून हळदीकुंकू वाहिलं. दुपारी पोरं जमली. चौघांना बोलावलं होतं, अठरा आली, ओसरी भरली. दोस्त तेवढा उशिरा आला. भुवया पांढऱ्या, केस पांढरे.

“हे काय रे?”

“खताची गोणी फुटली अंगावर.”

मी कॅसेट घातली. पडद्यावर दोन ठिपके उगवले. जवळ जाऊन बघितलं तर ती माणसं होती. त्यांना गुडघे नव्हते. म्हाताऱ्याच्या हातात पंखा नव्हता, नुसती वळलेली मूठ. शेलेवालीचा शेला गायब, आणि उडी मारली की ती बाईच अर्धी गायब व्हायची. मागं वाजणारं संगीत कानाशी डास आल्यासारखं. वस्तादांच्या मशीनला डाव्या हातानं फिरवायचा दांडा आणि सहा बटणं. इथं एक हाताचं, एक पायाचं. तीन लढती झाल्या आणि चौथ्या लढतीला पहिलाच माणूस हिरवा सदरा घालून परत आला. काटछाट होईल असं लेखात लिहिलं होतंच. पण काट इतकी आणि छाट इतकी?

आतून आईनं विचारलं, “आलं का रे तुमचं जपान?”

दोस्तानं माझ्या हातातून डबी घेतली, दोन-चारदा बटणं दाबली आणि हळूच म्हणाला, “ह्यात उलटा पंखा नाही.”

“उलटा पंखा? तो काय असतो?”

“असंच. ऐकलंय,” तो म्हणाला आणि डबी खाली ठेवली.

पोरं उठली. एकजण चपला घालताना म्हणाला, “सहा महिने थांबलो लेका ह्याच्यासाठी.” मग कुणीतरी म्हणालं, चला वस्तादांकडं, आणि सगळी फौज तिकडं वळली. मीही गेलो. घरी थांबून त्या बिनगुडघ्याच्या माणसांशी काय बोलणार होतो? दोस्त म्हणाला, “मी जातो, दारं धरायचीत.” बाकीच्यांनी त्याला हाताला धरून ओढत नेलं.

वस्ताद दारात खुर्ची टाकून बसले होते. अठरा पोरं बघून ते उठले नाहीत. माझ्याकडं त्यांनी एकदा पाहिलं, आणि दोस्ताला म्हणाले, “का रं, परत आलास? आत्ताच गेल्तास की.”

मला वाटलं, गिरणीत आला असेल. दळण असेल. माणूस किती समंजस असावा!

आत गेलो. कुणी खेळत नसलं की मशीन जास्त गुण मिळवलेल्यांची यादी दाखवायचं. दहा ओळी, प्रत्येक ओळीत खेळणाऱ्याच्या नावाची तीन अक्षरं. लाइट गेली की यादी पुसली जायची. त्या दिवशी लाइट बाराला आली होती, हे सगळ्या राहुरीला माहीत. आता दुपारचे साडेतीन वाजलेले. आणि यादीत वरपासून खालपर्यंत, दहाही ओळींत, एकच तीन अक्षरं. पहिलीपासून ज्याच्या वह्यांवर मी ती बघत आलो होतो, त्याची.

मी त्याच्या भुवयांकडं पाहिलं. तळव्याकडं पाहिलं. दारातला तो एकटा जोड आठवला. डाव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता, हे सायकलवरूनसुद्धा दिसत होतं. मी बघितलं होतं. फक्त ओळखलं नव्हतं.

“शपथ घेतली होतीस,” मी म्हणालो.

“घेतली होती.”

“पहिला हात तू घातलास पाण्यात.”

त्यानं बटणांवरचं पीठ पुसलं. मग म्हणाला, “आत्यानं वाचली ती पानं. तिनं सांगितलं, ह्यात कदाचित लिहिलंय.” त्याची आत्या शाळेत इंग्रजी शिकवायची. हे मला ठाऊक होतं. पानं देताना सुचलं नव्हतं.

“म्हणजे दोन दिवसांत तुला कळलं होतं? मग सांगितलं का नाहीस?”

“तू तरी कुठं सांगितलंस?”

अठरा पोरांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. मी आवाज चढवला. आईच्या हळदीचं काढलं. शिऱ्याचंही काढलं, हे लिहिताना आज लाज वाटते. शेवटी वस्तादांकडं वळलो. हरलेल्याला हसू न देणारा माणूस, निदान तो तरी न्याय करील.

“वस्ताद, तुम्हीच सांगा. जिवलग म्हणवायचं आणि असा दगा द्यायचा?”

वस्तादांनी खुर्ची आत घेतली. “कज्जा बोलून न्हाई मिटत. हात मिळवा अन् उभं ऱ्हावा.”

आम्ही फळीला हात लावला, कपाळाला लावला. हात मिळवताना त्याचा घट्टा माझ्या तळव्याला टोचला. मी म्हातारा घेतला, त्यानं शेलेवाली. सहा महिने मी मनातल्या मनात सराव केला होता, आणि मनात सगळे डाव बसायचे. माझी बोटं पहिलं बटण शोधेपर्यंत माझा म्हातारा आडवा झाला होता. दुसऱ्या फेरीत तो शहाणा थोडं थांबला, मला दोन लाथा मारू दिल्या. ते जास्त लागलं. मग शेलेवालीनं कलाजंग घातली आणि मी संपलो.

खोलीत कुणी हसलं नाही. नियमच तो. मी मशीनला टेकून उभा राहिलो. डोळे चुरचुरत होते, पिठानं असेल.

वस्तादांनी माझ्या खांद्यावर तो जाडजूड हात ठेवला. मला वाटलं, आता समजूत घालतील.

“तुज्या त्या दिवाळीपायी सा महिनं माज्या दारात ह्या एकाच पोराच्या चपला हुत्या,” ते म्हणाले. “न्हाईतर शटर वढलं आसतं म्या. अन् तू दगा दगा काय करतुयास? तीस पोरं तू थांबवली, म्हनून तर ह्याला मशीन मोकळं मिळालं. म्या न्हाई शिकवलं ह्याला. ह्याचा वस्ताद तू हायस.”