कहकशाँची आठ कामं आणि अकोटचा काटा

अचलपुरात अब्दुल रहीम पिंजाऱ्याचं गादी-रजईचं दुकान सगळ्यांना ठाऊक. पण त्याची थोरली पोरगी कहकशाँ रोज एस.टी.नं अमरावतीला जाऊन नेमकं काय करते, हे बापालाही उमगत नव्हतं. विचारलं की म्हणायची, "अब्बा, कॉम्प्युटरले आठ कामं एकदम सांगते अन् वाट पाहते."

"वाट पाहाचा पगार भेटते?" म्हातारा चक्रावून जाई.

कापसानं वऱ्हाडाला रडवलं तो हा हंगाम. काट्यावर शेतकऱ्याचा जीव टांगलेला. कहकशाँच्या ऑफिसात जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्याचाच प्रोग्राम बनत होता: भरली गाडी तोलायची, मग रिकामी, अन् उरेल ते कापसाचं वजन पावतीवर छापायचं. आता प्रोग्राम नुसता लिहून भागत नाही बरं का. त्याचे भाग कॉम्प्युटरकडून एकेक घडवून घ्यायचे अन् शेवटी एका गाठोड्यात बांधायचे. ओळीनं करायला अख्खी दुपार जाई, त्यात भारनियमन. कहकशाँनं शक्कल लढवली, सगळी कामं एकाच वेळी सोडली. कपातला चहा निवायच्या आत बिल्ड, म्हणजे बांधलेलं गाठोडं, हजर.

घोळ सुरू झाला तो तिथूनच. प्रोग्राम रिकाम्या गाडीचं वजन दोनदा कापत होता. कहकशाँनं ती चूक काढली, बिल्ड चालवून पाहिलं, ठणठणीत. पण कुलदीपनं, म्हणजे ऑफिसच्या मालकानं, बिल्ड करून अकोटला पाठवलं, तर जिनिंगवाल्या खुशालरावांचा फोन. अजूनही दोनदा कापते.

"कहकशाँ, तुनं दुरुस्त केलंच नाही."

"केलं ना, सर. पाहा." तिनं चालवून दाखवलं. बरोबर आलं.

त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरवर केलं, चूक आली. तिनं केलं, चूक गेली.

"चूक माह्यावर रुसली काय?" कुलदीप म्हणाला. "हे पाह्य, सोमवारी खरेदीचा मुहूर्त आहे. तवाबी दोनदा कापलं, तर शेतकरी काटा उपटून नेतीन. अन् तुह्या खुर्चीवर मी दुसरं कोणी बसवीन."

बिचारीला कळेना. चूक तिनंच मारून टाकली, मग ही उठून येते कुठून? एस.टी.त बसल्या बसल्या ती स्वतःवरच संशय घेऊ लागली. खरंच दुरुस्त केलं, की केल्यासारखं वाटलं?

शनिवारी ती कुलदीपच्या पाठीशीच उभी राहिली. त्यानं बिल्ड एकदा चालवलं अन् उठला.

"बस? एकदाच?"

"मंग किती खेप चालवू? तू किती चालवते?"

"दोनदा."

"कावून?"

तिलाही नीट सांगता येईना. पिंजाऱ्याच्या घरात कापूस दोनदा पिंजल्याशिवाय गादीत जात नाही. तसाच हात पडला होता. बोलता बोलता तिची नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली. 'बांधणी झाली' ही ओळ वर होती, अन् 'काट्याचा भाग झाला' ही तिच्या खाली.

म्हणजे गाठोडं बांधणारं काम कुणाची वाट पाहतच नव्हतं. कुलदीप दर वेळी अकोटला चाललेल्या जुन्या प्रतीवरूनच सुरुवात करी; काट्याचा नवा भाग घडतोय तोवर बांधणाऱ्यानं त्या प्रतीतला जुना भाग उचलला, चुकीसकट, अन् गाठ मारली. ती दुसऱ्यांदा चालवी तेव्हा नवा भाग तयार पडलेला असे, म्हणून तिचं नेहमी बरोबर.

"मंग आता समदं ओळीनंच लाव, बाई," कुलदीप डोकं धरून म्हणाला.

"नाही सर. सगळे पळू द्या. फक्त बांधणाऱ्यानं थांबाचं."

"आठात एक थांबला तर बाकीचे कसे पळतीन?"

"त्याहिचं त्याच्यापाशी काय अडलं?"

हे काही कुलदीपच्या गळी उतरलं नाही, पण तिनं तसं लावून एकदाच चालवलेलं नवं बिल्ड अन् तिला घेऊन सोमवारी तो अकोटला गेला. पहिली गाडी श्रावण नावाच्या शेतकऱ्याची. पावती हातात घेऊन तो बराच वेळ तोंडातल्या तोंडात हिशोब करत राहिला. मागच्या गाड्यांवरचे लोक खाली उतरले.

"बराबर हाय," श्रावण म्हणाला अन् बैल हाकले.

खुशालरावांनी कुलदीपला विचारलं, "चूक कोणं काढली?"

कुलदीपनं बोट दाखवलं. "हिनं. कशी काढली ते मले इचारू नका."

"मंग काट्याजवळची खुर्ची हिले द्या. आज पावत्या हीच काढीन."

कहकशाँ बसली. पुढची गाडी काट्यावर चढत होती.