मामांची परवानगी

आमच्या ह्यांच्या मामांइतका विद्वान आणि बिनकामाचा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. माझा शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना डबे पुरवायचा धंदा आहे, त्यामुळे कोण कशाच्या उपयोगी पडेल हे मला माणूस दारात आला की कळतं. मामा आले की फक्त चहा ठेवायचा असतो. शाळेत संगीतशिक्षक होते. सूर जुळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा बाणा. एका वर्षी पेटी आणि पोरांचे गळे जुळेपर्यंत प्रमुख पाहुणे भाषण करून, नारळ घेऊन निघूनसुद्धा गेले, आणि मग यांचं स्वागतगीत सुरू झालं. मुख्याध्यापक चिडले तर म्हणाले, "पाहुणे घाईत होते, षड्ज नव्हता."

घरी आले की खुर्चीवर टेकायच्या आधी माझ्या स्वयंपाकघराची तपासणी. "सूनबाई, तुमचा मिक्सर पेटीच्या काळी दोनच्या जरा खाली बोलतोय." मी म्हटलं, "मामा, त्यात शेंगदाण्याची चटणी आहे." म्हणाले, "असू दे, पण खाली आहे." रिक्षात बसले तरी तेच. हॉर्न बेसूर आहे म्हणून एका रिक्षावाल्याला त्यांनी भर चौकात थांबवून समजावलं. तो म्हणाला, "चचा, हॉर्न है, हार्मोनियम नहीं. बैठना है तो बैठो." मामा उतरले आणि भर मे महिन्यात, गळ्याला मफलर गुंडाळून, चालत छावणीतल्या आपल्या घरी गेले.

त्या घरात शिकवणी चालायची. चालायची म्हणजे पोरं यायची आणि जायची. आईबापांना पोरगं टीव्हीवर दिसायला हवं असायचं, आणि मामा सहा महिने नुसता सा लावून घ्यायचे. पोरं गळाली की "गाळण झाली" म्हणून खूश. गाळून गाळून शेवटी एकच उरली, नाझिमा. कारखान्यात माल तपासायच्या कामावर होती. पहाटे मामांकडे गाऊन मग कंपनीची बस पकडायची, अशी अकरा वर्षं काढली पोरीनं. आणि या अकरा वर्षांत मामांनी तिला बाहेर एकदाही गाऊ दिलं नाही. गुरूनं "जा, गा" म्हटल्याशिवाय शिष्यानं लोकांसमोर बैठकीत बसायचं नाही, असा या गाणाऱ्यांतला कायदा. मामांचं उत्तर ठरलेलं, "अजून कच्चं आहे." मी माणसाला कच्ची पोळी दिली तर डबा परत येतो. यांना अकरा वर्षांत एक पोळी भाजता आली नाही.

मग गावातल्या एका संगीत मंडळानं नाझिमाला रविवारी सकाळी तासभर गायला बोलावलं. पुढच्या महिन्यात कंपनी तिला गुजरातेत पाठवणार होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. ती माझ्याकडं आली. "ताई, तुम्हीच विचारा ना सरांना. मला नाय धाडस होत. आणि सर नाही म्हटले तर मी जाणार नाय."

मी मामांना सरळ विचारलं, "पोरगी कधी गाणार? दात पडल्यावर?"

"अजून कच्चं आहे."

"तुम्हाला किती वर्षांनी मिळाली होती परवानगी?"

मामांनी कप खाली ठेवला. "नाही मिळाली. गुरुजी अचानक गेले. मग कुणाला विचारणार?"

म्हणजे हा माणूस उभ्या जन्मात एकदाही बैठकीत गायला नव्हता. मला हे ठाऊक नव्हतं. पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "मग तिचे गुरुजी आहेत तोवर तरी देऊन टाका." मामा मफलर गुंडाळून निघून गेले. चहा तसाच.

शनिवारी त्यांचा फोन. "तिथं तानपुऱ्याचं काय?"

"मोबाइलवर लावतात म्हणे हल्ली."

"मोबाइलवर." मग म्हणाले, "तुमची डब्यांची व्हॅन नऊला पाठवा. तानपुरा पुढं बसेल. मी मागं डब्यांत बसतो."

"म्हणजे परवानगी?"

"मी तानपुऱ्याचं बोलतोय, सूनबाई."

मी नाझिमाला कळवलं, "सर तानपुरा घेऊन येतायत. काय ते तूच समज." ती "खरंच?" एवढंच परत परत विचारत राहिली. माझी कणीक वाळत होती, मी फोन ठेवला.

तानपुरा घेऊन मागं बसतो तो शिष्य, पुढं गातो तो गुरू, एवढं मलाही कळतं. रविवारी मामा मंचावर चढले आणि नाझिमाच्या मागं जाऊन बसले. ती तटकन उठली. "बस," मामा म्हणाले, "सूर जाईल." निवेदकानं तबलजीचं नाव घेतलं, पेटीवाल्याचं घेतलं, आणि मागं वाकून मामांना त्यांचं नाव विचारलं. मामा नाझिमाकडं बोट दाखवून म्हणाले, "तिचं घेतलंत ना? झालं मग." मी सांगायला उठले, तर तानपुऱ्याआडून मला हाताच्या खुणेनंच खाली बसवलं.

नाझिमा कशी गायली ते जाणकारांना विचारा. मी तिच्या मागंच बघत होते. मामांची बोटं तारांवर फिरत होती, ओठ प्रत्येक तानेबरोबर हलत होते आणि आवाज काही येत नव्हता. सत्तरी ओलांडलेला हा माणूस आज पहिल्यांदा बैठकीत बसलाय, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नाही.