न घेतलेलं नाव

बायांच्या केसेस लढणाऱ्या वकीलबाईंना मी कोर्टाबाहेरच्या बाकावर डोकं धरून बसलेलं बघितलं. बाई जजापुढंही दबत नाहीत. पण त्या दिवशी आमच्या शेजारच्या सुमनपुढं त्यांचं काही चालेना.

नवऱ्यानं सुमनचा हात मोडला, म्हणून केस. आत तिला विचारलं, "कोणी मारलं? नाव सांग." ती पदर पुढं ओढून म्हणाली, "त्यांनी." परत विचारलं, परत "त्यांनी." नवरा समोरच बसून मिशीत हसत होता. शेवटी पुढची तारीख पडली.

बाहेर आल्यावर बाईंनी पाण्याची बाटली उघडून सुमनच्या धड हातात दिली. "का गं, नाव का घेतलं नाहीस?"

"नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतं, बाई."

"आणि त्यानं तुझं कमी करायला घेतलंय, ते?"

सुमननं मान खाली घातली. बाई माझ्याकडं वळल्या. "काका, कायदा मला पाठ आहे हो. पण हिच्या तोंडातून हे नाव कसं काढू?"

मी अडाणी माणूस, काय सांगणार? आमच्या हिनंही जन्मात माझं नाव घेतलं नाही. शेवटच्या दुखण्यात नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं, तर नुसतं माझ्याकडं बोट दाखवलं. मला तो मान वाटायचा. सुमनची खाली गेलेली मान बघितली आणि मनात आलं, तो मान होता का भीती? विचारायला ती आता नाही. आणि असती, तरी मला खरं सांगितलं असतं का, कोण जाणे.