हनुवटीवरचे बोट

मंदा पाटीलला जाऊन महिना उलटला. आमची शेवटची भेट रुग्णालयात झाली, तेव्हा तिच्या गळ्यात नळी होती. बोलता येत नसे, म्हणून परिचारिकेने तिला लिहायला पाटी दिली होती. मंदाने ती माझ्या मांडीवर सरकवली आणि हनुवटीला बोट लावून हलकेच वर उडवले... "काही हवंय का त्यांना?" परिचारिकेने विचारले. "नाही, मला सांगतेय," एवढेच मी म्हणाले.

ही खूण कामतघरच्या लूमवरची. यंत्रमागांच्या खडखडाटात तिथे माणसे हातांनी बोलतात. मंदाही वडिलांच्या कारखान्यात तसेच बोलायला शिकली होती. ऐंशीच्या दशकाअखेरीस आमच्या महाविद्यालयात मुलींचा पहिला बास्केटबॉल संघ उभा राहिला. मैदानाच्या भिंतीपलीकडेच लूम चालत. तिथे खेळ शिकवणाऱ्या सरांचे ओरडणे कुणाला ऐकू जात नसे आणि मला तर ओरडताच येत नसे. "मास्तरांची मुलगी आवाज घरी ठेवून येते," मुली हसत. सर मला वगळायला निघाले, तेव्हा आमची कप्तान मंदा आडवी आली. "आवाज कशाला पायजे, सर? हात हायेत ना तिला." मग तिने सगळ्यांनाच खुणा शिकवल्या. कोपराला हात लावला की 'मला दे'; हनुवटीवरून बोट उडवले की 'तू टाक', थेट जाळीत. ही दुसरी खूण बहुधा माझ्याच वाट्याला येई, कारण चेंडू हाती आला की तो दुसरीला देऊन मी मोकळी होत असे.

पहिला सामना हरलात तर संघ बंद आणि मैदानावर सायकल स्टँड, असे प्राचार्यांनी बजावले होते. सामना ठाण्यात होता, मैदान शांत. "इथे लूम नाहीत, आता तोंडाने बोला," सर म्हणाले. "न्हाय सर, आम्ही असंच खेळणार," मंदा म्हणाली. आमचे हातवारे पाहून समोरची एक हसली, "मुक्या आहेत का गं या?" मंदाने वळूनही पाहिले नाही. "थांब गो, तुझीपण बोलती बंद करते."

त्या ओरडून खेळत, ते आम्हाला सगळे कळे. आमचे त्यांना काहीच कळत नव्हते. तरी शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू मंदाकडे, दोघी तिला घेरून. तिचे बोट हनुवटीवर गेले. मी मान हलवून नाही म्हटले... तिने पुन्हा बोट उडवले आणि चेंडू माझ्या तळहातांवर येऊन आदळला. मी टाकला. कडीवर घुटमळून तो जाळीत पडला.

परतताना बसमध्ये मी विचारले, "चुकला असता तर?"

"चुकला असता तर चुकला असता. तरी टाकायचा तूच."

आम्ही होतो तोवर तो स्टँड झाला नाही.

मी लिहिते आणि कुणाला न दाखवता फाडते, हे एकट्या मंदाला ठाऊक होते. रुग्णालयातही मी मान हलवली होती, आणि तिचे बोट पुन्हा उठले होते. ती पाटी आता माझ्या टेबलावर आहे, कोरीच. तिच्यावर एवढे मावले नसते, म्हणून हे कागदावर उतरवून तुमच्यापुढे ठेवते आहे. नेम चुकला असेल, तर चुकला.