प्रयोगशाळेतली घागर

अभिमनभाऊ आमच्या जळगावच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. मी तिथं मराठी शिकवायचो. त्यामुळे भौतिकशास्त्राशी माझा संबंध त्यांच्या हातच्या चहापुरता, आणि तो चहाही व्हरांड्यातच प्यायचा. आतल्या छोट्या खोलीत कुणी नुसता ओला पेला घेऊन डोकावलं तरी हा एरवीचा गरीब माणूस अंगावर धावून यायचा.

त्या खोलीत पुण्याच्या एका संस्थेनं उसनं दिलेलं यंत्र होतं. भौतिकशास्त्राचे आमचे आधारसर ते नव्वद साली ट्रकमधून, सहा गाद्यांत गुंडाळून, घेऊन आले होते. स्वतः मात्र ते ट्रकच्या फळीवर बसून आले. हे यंत्र ज्या किरणांनी बघायचं त्यांना टेराहर्ट्झ म्हणतात. सेकंदाला लाख कोटी हेलकावे. तरी उजेडाच्या मानानं अगदी रमतगमत चालणारे. शिसं, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांच्या स्फटिकाचा केसाहून कितीतरी पातळ थर चकतीवर चढवायचा आणि त्यातले अणू कसे थरथरतात ते या किरणांकडून काढून घ्यायचं, असा सरांचा उद्योग.

मला तो कळला अभिमनभाऊंमुळे.

"सर, आखाजीले झाडेझाडे झोका बांधेल ऱ्हातस ना? तसं शे. बठ्ठा, सगळा अणू झोकावर. मधला जो शे तो जरासा एका अंगाले कलेल. म्हनीसन थरनी एक बाजू धन, एक बाजू ऋण. आनि थर तापाडा का त्याना झोका मंदावस."

"पण झोका देतं कोण?"

"किरण देस ना! ज्याना ताल झोकासंगे जुळस, तो तठेच अडकस. कागदवर तठे खड्डा पडस."

हे सांगताना त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले असत. मला वाटे, हे आत्ता त्या थरातच कुठंतरी बसलेत, पाय सोडून.

पाण्याची वाफ मात्र या किरणांची वैरीण. ती हवेत असली की मध्येच त्यांना खाऊन टाकते. म्हणून यंत्रात निळे खडे ठेवत. ते ओल शोषून गुलाबी झाले की भाजून पुन्हा निळे करायचे. विभागाची भट्टी बिघडल्यापासून हे काम भाऊंच्या घरी, एका जुन्या कढईत चाले. त्यांच्या पत्नी लिलाबाई मला एकदा म्हणाल्या, "शेजारनी इचारतस, अक्का, आज काय भाजी राहिनी? मी काय सांगू, खडा?"

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात आधारसर गेले. पाठोपाठ पुण्याचं पत्र आलं: चालवणारं कोणी नसेल तर यंत्र परत न्यावं लागेल. मे महिन्यात साहेब येतील. त्यांना स्वच्छ आलेख दाखवा, नाहीतर ट्रक पाठवतो. विभागप्रमुख सुकदेवसरांनी हात वर केले. भाऊ म्हणाले, "मी दाखाडस." चार वर्षं ते सरांच्या खांद्यामागे उभे होते. सगळं पाठ होतं.

पुण्याच्या साहेबांनी नेमका आखाजीचाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस निवडला. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरतात. सर घरी कमी आणि त्या खोलीत जास्त राहिले, म्हणून त्यांची घागर तिथंच भरली पाहिजे, असं भाऊंच्या मनानं घेतलं. पहाटे त्यांनी कोरी घागर भरून यंत्रामागं ठेवली, वर खरबूज ठेवलं, म्हणजे तोंड झाकून ओल आतच राहील, आणि हात जोडले. धूळ नको म्हणून दार-खिडक्या बंदच होत्या.

अकराला यंत्र सुरू झालं. कागदावरचं पेन असं उड्या मारू लागलं की आलेखाचा साळिंदर झाला. खड्डा एक हवा होता, निघाले पन्नास.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "ही पाण्याची वाफ आहे."

"पाणी?" सुकदेवसर ओरडले. "जळगावात? मे महिन्यात? साहेब, आमच्या नळालासुद्धा येत नाही!"

भाऊंनी खडे पाहिले. सकाळी निळे होते, आता गुलाबी. मग त्यांनी यंत्रामागं पाहिलं. कोरी घागर पाझरत होती. बंद खोलीत बुडाभोवतीचं ओलं वर्तुळ सावकाश सुकत होतं. त्यांच्या घरच्या रीतीनं ती घागर सांजेपर्यंत हलवायची नव्हती.

ते घागरीपुढं वाकले. मग आधारसरांना हळूच म्हणाले, "सर, तुम्हीच माले रागे भरतात, आठे पानी कोनी आनं म्हनीसन." आणि घागर उचलून बाहेर गेले.

परत आले ते वेगळाच माणूस होऊन. खिडक्या उघडून त्यांवर कोरडं पातळ धोतर बांधलं, नवे खडे भरले आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, बाहेर चला. मानूस श्वास सोडतो, तोबी ओला शे."

"मीसुद्धा?"

"तुमी जरा जास्तच. घाम येऊन राहिला."

सुकदेवसरांनी कपाळावर हात मारला. साहेब मात्र निमूट निंबाखाली गेले. तिथं शिपायाच्या मुलींनी बांधलेला झोका रिकामा होता. त्यावर बसून, टाय सैल करून, ते हळूहळू झुलू लागले. कोरडी, भाजणारी लू वाहत होती, दुपार दुधासारखी तापून साईला आली होती. तहान लागली तेव्हा भाऊंनी बुंध्याशी ठेवलेल्या घागरीतून ते ओंजळीनं पाणी प्यायले. भाऊ खिडकीतून बघत होते. सरांच्या नावाच्या पाण्यानं कुणाची तरी तहान भागली होती; त्यांनी डोळे पुसले.

दोनला पेन शांत झालं. कागदावर एकच खड्डा, गुळगुळीत. थर तापवला तसा तो खड्डा डावीकडे, मंद तालाकडे, सरकला. आणखी तापवला, आणखी सरकला.

साहेबांनी तिन्ही कागद एकावर एक धरून उन्हात पाहिले. "ट्रक नको," ते सुकदेवसरांना म्हणाले. "पण दर उन्हाळ्यात असे आलेख पुण्याला यायला हवेत. कोण पाठवणार?"

सुकदेवसर खाकरले, "विभाग... म्हणजे..."

"आजून दोन तापमानं बाकी शेत," आतून भाऊंचा आवाज आला. "बठ्ठा जन बाहेरच थांबा."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.