तळघरातली मंडळी

बंगळुरात राहून हवा, ट्रॅफिक आणि डोसा या तिन्हींबद्दल अवाक्षर न काढणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. त्यांचा विषय एकच, सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या तळघरातला सांडपाण्याचा प्लँट. सगळ्या फ्लॅटांची घाण तिथल्या टाकीत जाते, टाकीतले जिवाणू ती खातात आणि स्वच्छ झालेलं पाणी बागेला नि मागच्या तळ्याला मिळतं. निवृत्त झाल्यावर मामांनी ही देखरेख मागितली, कमिटीनंही 'घ्या बाबा' म्हणून देऊन टाकली. जिवाणूंना ते 'मंडळी' म्हणत. रोज सकाळी कठड्याला टेकून आधी विचारत, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. मामांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखातलं, आणि जिवाणू तर इथलेच, त्यामुळे त्यांना मराठी कळत नसणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

माणसांची अशी चौकशी मात्र त्यांनी कधी केली नाही. मी पुण्याहून नवा जावई म्हणून आलो, तेव्हा नाव नाही, नोकरी नाही, पहिलाच प्रश्न, "जावईबापू, संडासात ॲसिड ओतता काय?" माझी आई राहायला आली. तिला फिनेलशिवाय चैन पडत नाही. तर हे दारात हात जोडून उभे. "अक्का, स्वल्प कमी घाला. खाली लेकुरवाळी मंडळी आहेत." आई पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. दिवाळीत निम्मी सोसायटी गावी गेली की मंडळींची उपासमार होते, म्हणून मामा बादलीत गूळ कालवून खाली नेत. मामींनी पुरणासाठी आणलेला गूळ एकदा असाच गेला आणि आम्ही सणाला वरणभात जेवलो.

आणि घात झाला तो याच माणसाच्या हौसेपायी. दसऱ्यात आयुधपूजेला इथे रिक्षांपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं धुऊनपुसून पूजतात. मामांना वाटलं, आपल्या प्लँटनं काय पाप केलंय? सफाईवाल्यांना म्हणाले, "लखलखीत करा." त्या बिचाऱ्यांनी भक्तिभावानं टाकीतसुद्धा ब्लीचिंग पावडरची पोती रिकामी केली. पंपाला हार चढला, दाराला केळीचे खांब लागले, मामांनी आरती केली, आणि मंडळी तोवर मरून गेली होती.

दोन दिवसांत लॉबीत नाक धरून चालायची वेळ आली. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मामा, प्लँट बंद करू. घाण टँकरनं बाहेर पाठवू." टँकर कुठे रिकामे होतात ते सगळ्यांना माहीत होतं, त्याच मागच्या तळ्यात. मामा लहानपणी त्या तळ्यात पोहलेले. त्यांनी कशीबशी आठवड्याची मुदत मिळवली. मला फार वाईट वाटलं.

सकाळी पाहतो तर हातात स्टीलचा डबा. समोरच्या सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंकडे निघाले होते. त्यांच्या प्लँटला मामा चारचौघांत गटार म्हणत, त्यामुळे बाईंनी बोलणं टाकलेलं. मी सोबत गेलो. मामा दारातच म्हणाले, "अक्का, विरजण मागायला आलोय."

बाईंनी डब्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी आपल्या टाकीतला जिवंत गाळ चांगला टँकरभर पाठवून दिला. मामांनी गूळ घातला, हवा सोडली, टाकीपाशी ठाण मांडून बसले. मुदत संपायच्या आत वास गेला. टाकीतलं पाणी ग्लासात घेऊन त्यांनी उजेडात धरलं, "सरी," म्हणजे ठीक, म्हणाले आणि डोळे पुसले.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी त्यांना म्हैसूरला घेऊन गेली. जायच्या आधी मला खाली नेऊन त्यांनी टाकीला सांगितलं, "हे आमचे जावई. पुण्याचे आहेत, पण सांभाळून घ्या."

आता रोज त्यांचा फोन येतो. "मंडळींचं जेवण झालं?" मी म्हणतो, "झालं, मामा." की फोन बंद. काल मात्र तो बंद झाला नाही. मामा म्हणाले, "आणि तुमचं?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं. माझं जेवण झालं होतं, पण मी नाही म्हणालो. तेवढंच ते आणखी थोडा वेळ बोलतील म्हणून.